बाबांची पिवळी फुली

आमच्या घरात कुठल्याही वस्तूवर विश्वास टाकण्याआधी ती वाजवून बघायची पद्धत होती. बाबा रेल्वेत डबे तपासायचे. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन ते रुळाच्या बाजूने चालत जायचे आणि प्रत्येक चाकावर एक टोला द्यायचे. धड चाक खणखणीत वाजतं, चिरलेलं चाक बद्द वाजतं, आणि तो फरक ओळखायला कान लागतो, डोळे नव्हे, असं त्यांचं म्हणणं. हा कान ते संध्याकाळी घरीही घेऊन यायचे. माठ आणला की वाजव, कलिंगड आणलं की वाजव, कुकरचं झाकण, खाटेचे पाय, माझी शाळेची सायकल, सगळ्याला एक टिचकी मिळायचीच. आईचा संशय वेगळ्या जातीचा होता. ती माणसं वाजवून बघायची. दूधवाल्याला रोज नवा प्रश्न, भाजीवाल्याच्या तराजूखाली रोज एक नजर. बदली होऊन जयपूरला येऊन दहा-बारा वर्षं झाली तरी इथल्या हळदीत काहीतरी मिसळतात यावर ती ठाम होती. हळद, तिखट आणि ज्वारीचं पीठ बडनेऱ्याहूनच यायचं, कोणा ना कोणाच्या हाती. अशा दोघांची मी एकुलती एक मुलगी, तेव्हा माझ्या स्वभावाबद्दल फार बोलायला नको.

बाबांच्या खिशात हातोडीइतकाच महत्त्वाचा एक खडू असायचा. पिवळा, तेलकट, पाण्याने न जाणारा. ज्या डब्यात दोष सापडेल त्याच्यावर ते फुली मारायचे, आणि फुली पडली की तो डबा गाडीतून तोडून बाजूला काढायचे. फुली ज्याने मारली त्यानेच ती पुसायची, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, हा नियम. एकदा म्हणे बडनेऱ्याला एक अख्खी गाडी बाबांच्या फुलीपायी खोळंबली होती. मोठे साहेब धावत आले आणि म्हणाले, अहो, एवढ्याशा आवाजावरून काय गाडी अडवता, पुसा ती फुली. बाबांनी खिशातलं फडकं काढून साहेबांपुढे धरलं. ‘‘साहेब, तुमीच पुसा. अन् खाली सही करा.’’ साहेबांनी फडकं घेतलं नाही. ही गोष्ट आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर मिळायची, आणि मी ती शंभरदा तरी ऐकली असेन. आई देवाची शपथ घेणाऱ्यावरही संशय घ्यायची, पण बाबांच्या पिवळ्या फुलीवर मात्र कधी नाही. मीही नाही.

मी मोटरसायकलच्या शर्यतींत कशी पडले ते मागच्या प्रकरणात आलंच आहे. इथे एवढंच सांगते की मातीच्या ट्रॅकवर, उंचवट्यांवरून उड्या मारत पळवायची ती गाडी जुनी होती, मालवीय नगरच्या गॅरेजवाल्या बनवारीजींनी दोन गाड्यांची मिळून एक केलेली. ज्या शनिवार-रविवारबद्दल लिहायला बसले आहे तो राष्ट्रीय मालिकेच्या शेवटच्या फेरीचा होता, आणि नेमकी ही फेरी आमच्या गावात. शहराबाहेरच्या मैदानात आठवडाभर जेसीबी माती लोटत होते. महिलांच्या गटात आम्ही सहा जणी. एका मोठ्या टीमचे मॅनेजर येणार होते आणि पुढच्या वर्षासाठी आमच्यातली एक मुलगी घेणार होते, एकच. गाडी त्यांची, सराव त्यांचा, मेकॅनिक त्यांचे. गुणांमध्ये मी आणि कोल्हापूरची एक मुलगी जवळजवळ बरोबरीत होतो. म्हणजे रविवारी आमच्या दोघींत जी पुढे, तिचं आयुष्य बदलणार. इतकं सरळ होतं ते.

आणि ती कोल्हापूरची मुलगी बाबांनी आमच्या घरी आणून ठेवली. शुक्रवारी दुपारी ते स्टेशनवरच्या पार्सल ऑफिसात गेले होते, तिथे एक पोरगी हमालाशी मराठीत भांडत होती. हमालाला मराठी येत नव्हतं, पण तिचं त्यावाचून काही अडत नव्हतं. तिची गाडी पार्सलच्या डब्यातून आली होती, बरोबर यायचा तो भाऊ तापाने घरी पडला होता, आणि उतरायची सोय झालेली नव्हती. बाबांनी तिचं मराठी ऐकलं आणि विषय संपला. परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसाला ही एक खोडच असते. घरी भावाशी बोलणार नाही, पण परगावी कोणी ‘काय हो’ म्हटलं की त्याला जेवायला घरी आणणार. संध्याकाळी मी सरावाहून परतले तर आमच्या क्वार्टरच्या अंगणात माझ्या गाडीच्या जागेशेजारी तिची गाडी उभी होती, आणि ती स्वतः ओट्यापाशी पाटावर बसून आईच्या हातची गरम भाकर खात होती.

‘‘ये की,’’ ती मलाच म्हणाली, जशी काही मीच पाहुणी. ‘‘मी जेवलो बग. मावशी, तुमचा ठेचा लई भारी हाय.’’

तिचं नाव संयोगिता. ती ‘मी आलो, मी गेलो’ असं मुलग्यासारखं बोलायची, त्यांच्याकडे मुलींचीही ती रीतच. आईला त्याची इतकी गंमत वाटली की तिने दोनदा मुद्दाम तिला काहीबाही विचारलं. मी आईला आतल्या खोलीत गाठलं. ‘‘आई, परवा माझी हिच्याशी शर्यत आहे. आणि तू हिला तूप वाढतेस?’’

‘‘मंग काय उपाशी ठेवू?’’ आई म्हणाली. ‘‘लेकरू आपल्याकडचं हाय.’’

‘‘कोल्हापूर आपल्याकडचं कधीपासून झालं? बडनेऱ्यापासून ते जयपूरइतकंच लांब आहे.’’

‘‘हाव, पन मराठी बोलते न वं ती. इथं सकाळपासून कोन बोलते माझ्याशी?’’

त्या क्षणापासून माझा एक डोळा संयोगितावर राहिला. शर्यतीच्या तंबूत हे नवीन नाही. सगळेच सगळ्यांवर डोळा ठेवून असतात. कोणाच्या पेट्रोलमध्ये साखर पडली, कोणाच्या चाकाच्या तारा ढिल्या केल्या, अशा गोष्टी दर फेरीला फिरत असतात. खऱ्या किती असतात देव जाणे, पण घाबरवायला पुरतात. मी तर त्या वर्षी मैदानावर गाडी ठेवायचीच नाही असं ठरवलं होतं. रोज टेम्पोत घालून घरी आणायची, अंगणात साखळीने खांबाला बांधायची, किल्ली माझ्या गळ्यात. आणि ज्या चोराच्या भीतीने हे सगळं चाललं होतं तो आता आमच्या चटईवर पाय पसरून आईला केसांना तेल लावू देत होता.

शनिवारी सकाळी सराव आणि दुपारी वेळ मोजायच्या फेऱ्या. त्या सकाळचं मला सलग आठवत नाही, तुकडे आठवतात. माती ओली होती, टँकरने जास्त पाणी मारलं होतं. बनवारीजी माझी साखळी ताठ करून मग संयोगिताच्या गाडीचा क्लच बघायला गेले, तेव्हा मी विचारलं, ‘‘आप उसका भी काम करोगे?’’ ते म्हणाले, ‘‘बाईसा, मेहमान है, तुम्हारे ही घर की है.’’ मी मनात नोंद केली: हा माणूस आज तिच्या गाडीपाशी बसला. मग तिसऱ्या फेरीत मैदानाच्या टोकाचा मोठा सपाट उंचवटा आला, ज्याला आम्ही टेबलटॉप म्हणतो. मी उडाले. पुढचं चाक आधी खाली आलं एवढं आठवतं. त्यानंतर ट्रॅकवरचा झेंडेवाला माझा हात धरून उठवत होता आणि संयोगिता स्वतःची गाडी टाकून माझ्या शेजारी गुडघ्यावर बसली होती. मी तिचा हात झटकला. माझ्यामागून येत होती ती, तिनेच धक्का दिला असणार, असं माझ्या मनात लख्ख उमटलं. अँब्युलन्सजवळच्या डॉक्टरांनी नाव विचारलं, मी बरोबर सांगितलं. गाव विचारलं, ते सांगितलं. तेव्हा डोक्याची यापेक्षा जास्त चौकशी कोणी करत नसे. आज माझ्याकडे शिकायला येणारी मुलं पडली की मी त्यांना तीन शब्द सांगते, पाच मिनिटांनी पुन्हा विचारते, आणि एक जरी विसरला तरी आठवडाभर गाडीला हात लावू देत नाही. मुलं मला कडक म्हणतात.

दुपारच्या फेऱ्यांत माझी वेळ दुसरी आली, संयोगिताची पहिली. परतताना तिने रस्त्यात टेम्पो थांबवून सगळ्यांसाठी कांद्याची कचोरी घेतली. मी अर्धी खाल्ली आणि दहा मिनिटांनी टेम्पोबाहेर वाकून ओकले. मग तर माझी खात्रीच पटली. तिने स्वतः कचोरी खाल्ली होती का? मला आठवेना. बहुतेक नसावी. घरी येऊन मी तोंड धुतलं, अंगणात गाडीशी बसले आणि एकेक नट पाना लावून तपासला. डोकं दुखत होतं. उन्हाने असेल म्हटलं. आत स्वयंपाकघरात आई आणि संयोगिता हळू आवाजात बोलत होत्या. मी दारात गेले तशा गप्प झाल्या.

‘‘काय चाललंय?’’

‘‘कुठं काय?’’ आई म्हणाली. ‘‘रोडगे करू का भाकर, हेच इचारून राह्यली होती तिले.’’ रोडगे म्हणजे आमच्या विदर्भातली बाटीच, फक्त इथल्या लोकांना ते पटवून देण्यात आईची हयात गेली.

जेवताना मी संयोगिताला विचारलं, उद्या टेबलटॉपला तू कुठल्या बाजूने जाणार. ती म्हणाली, डावीकडून, उजवीकडे चिखल हाय. थोड्या वेळाने मी पुन्हा काहीतरी विचारलं, आणि तिघंही माझ्याकडे बघत राहिले. आईच्या हातातला वरणाचा डाव तसाच राहिला.

‘‘काय झालं?’’

‘‘काई नाही,’’ बाबा म्हणाले. ‘‘जेव तू.’’

त्या तीन नजरा मी पुढे कितीतरी वर्षं मनात घोळवल्या. बाबांनी संयोगिताकडे पाहिलं, तिने मान खाली घातली, आईने पदराने कपाळ टिपलं. माझ्या घरात, माझ्याच ताटाशी, माझ्याविरुद्ध काहीतरी शिजतंय, आणि आईबाबांना ते कळत नाहीये किंवा कळूनही ती पोरगी त्यांना गुंडाळतेय, असं मला वाटलं. मी ताट तसंच ठेवून लवकर झोपायला गेले. गळ्यातली किल्ली मुठीत धरून झोपले.

सकाळी उजाडताना जाग आली ती अंगणातल्या कुजबुजीने. खिडकीतून पाहिलं तर माझ्या गाडीपाशी बाबा उभे होते, आणि संयोगिता मागच्या चाकाजवळ उकिडवी बसली होती. ती काहीतरी विनवण्या करत असल्यासारखी बोलत होती. बाबा मान हलवत होते, आधी नाही, मग बऱ्याच वेळाने हो. मी धावत बाहेर गेले. ‘‘माझ्या गाडीशी काय करताय?’’

संयोगिता उठली आणि आत गेली. बाबा म्हणाले, ‘‘हातोडी आन वं माझी.’’

शर्यतीच्या सकाळी बाबा गाडी वाजवायचे हे नेहमीचंच. हँडल, सांगाडा, चाकं, एकेक टोला. मीच हातोडी आणून दिली. त्यांनी पुढून सुरुवात केली, नेहमीसारखी. मागच्या चाकाला धरून ठेवणारा जो लोखंडी हात असतो, स्विंगआर्म, त्याच्यापाशी ते थांबले. एक टोला दिला. पुन्हा दिला. कान जवळ नेला. मला दोन्ही टोले सारखेच वाटले, पण माझा कान तेव्हा कुठे तयार होता, आणि डोक्यात तर सकाळपासून भुंगा गुणगुणत होता. बाबांनी खिशातून खडू काढला. फुलीची एक रेघ ओढली आणि खडू मोडला. वाकून त्यांनी तुकडा उचलला आणि दुसरी रेघ ओढली.

‘‘चीर हाय,’’ ते म्हणाले. ‘‘आतून. हे गाडी आज नाही जाऊ शकत.’’

ते माझ्याकडे न बघता म्हणाले. मी खाली बसले, तिथेच मातीत. रडले नाही, आधी ओरडले. बनवारीजींना फोन करून बोलावलं. ते स्कूटरवरून आले, चष्मा लावून, आडवे होऊन त्यांनी तो लोखंडी हात वरून खालून पाहिला, कपड्याने पुसून पाहिला. ‘‘बाबूजी,’’ ते म्हणाले, ‘‘मेरे को तो दरार दिखी नहीं.’’

‘‘दिखेगी नहीं,’’ बाबा म्हणाले. ‘‘अंदर है.’’

‘‘अंदर भी हो तो...’’ बनवारीजी बाबांकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे, आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. मला ते गिळलेलं वाक्य दिसलं. हाही सामील आहे, मी म्हटलं मनात. काल हिच्या गाडीपाशी बसला तेव्हाच ठरलं असणार. मी दोघांवर संशय घेतला, झेंडेवाल्यावर घेतला, टेम्पोवाल्यावर घेतला, कचोरीवाल्यावरसुद्धा घेतला. फुलीवर घेतला नाही. आमच्या घरात तशी सवयच नव्हती.

मैदानावर मी नाव मागे घ्यायला गेले. अर्जावर कारण लिहायचं होतं, बाबांनीच लिहिलं: गाडीत दोष. त्यांचं अक्षर नेहमी ताठ असतं, त्या दिवशी वाकडं आलं. मग मी संयोगिताच्या तंबूत गेले. आजूबाजूला पन्नासेक माणसं असतील, इंजिनं तापत होती, मला जोरात बोलावं लागलं आणि जोरात बोलायचंच होतं.

‘‘माझ्या आईची भाकर खाल्लीस,’’ मी म्हटलं. ‘‘तिच्याकडून डोक्याला तेल लावून घेतलंस. आणि माझी गाडी चिरलीस.’’

तिने हेल्मेट काढलं. ‘‘मी हात लावला न्हाई तुझ्या गाडीला.’’

‘‘मग सकाळी बाबांशी काय बोलत होतीस?’’

ती माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहत होती. तिथे बाबा उभे होते, चष्मा शर्टाला पुसत. ‘‘ते काकांना इचार,’’ ती म्हणाली.

‘‘बाबांना मध्ये घालू नकोस. चोर कुठली.’’

हा शब्द मराठी न कळणाऱ्यांनाही कळतो. आसपासचे लोक वळून बघायला लागले. तिने हेल्मेट पुन्हा घातलं, काच खाली ओढली आणि गाडीला किक मारली. मला वाटलं, उत्तर असतं तर दिलं असतं.

शर्यत मी कठड्याला टेकून पाहिली, बाबा शेजारी. सुरुवातीचं गेट पडलं, पाच जणी सुटल्या. टेबलटॉपला ती डावीकडूनच गेली. प्रत्येक उडीला मी तिच्या पडण्याची वाट पाहिली. आज लिहायला लाज वाटते, पण पाहिली. ती पडली नाही, पहिली आली. टीमच्या मॅनेजरांनी तिथेच तिच्याशी हात मिळवला. फोटो काढताना ती हसली नाही. हे मी लोकांना पुढे पुरावा म्हणून सांगायची: चोराला हसू कसं येईल? संध्याकाळच्या गाडीने ती गेली. घरी न येता मैदानावरूनच स्टेशनला. आई तिच्यासाठी भाकर आणि शेंगदाण्याची चटणी बांधून स्टेशनवर गेली होती हे मला दोन दिवसांनी कळलं, आणि मी आईशी आठवडाभर बोलले नाही.

त्यानंतर मी डोकं दुखतंय म्हणून दहा-पंधरा दिवस खाटेवरच होते. बाबा खोलीचे पडदे ओढून ठेवायचे आणि रेडिओ लावू द्यायचे नाहीत. मला ते दुःखाचं आजारपण वाटलं. पुढच्या वर्षी मोठ्या टीमची जागा नव्हती आणि मला त्या गाडीकडे बघवत नव्हतं. तिच्यावर ताडपत्री पडली ती पडलीच. बाबा कधी तिच्यावरची फुली पुसायला गेले नाहीत आणि मीही म्हटलं नाही. मी मात्र गोष्ट सांगत राहिले. जिथे जाईन तिथे: एक कोल्हापूरची पोरगी होती, आमच्याच घरी राहून माझी गाडी चिरली, बाबांच्या कानाने मी वाचले. ऐकणाऱ्यांना गोष्ट फार आवडायची. ती तंबूतंबूंतून फिरली. दोन-तीन वर्षांनी कोणीतरी मला सांगितलं की संयोगिता तंबूजवळून गेली की मुलं आपापल्या गाड्यांवर कापड टाकतात. मला बरं वाटलं. पुढे तिने शर्यती सोडल्याचं कानावर आलं, तेव्हाही काही वाईट वाटलं नाही.

आता मी जवाहर नगरात राहते, गावाबाहेर एका क्लबात मुलामुलींना गाडी शिकवते, आणि माझे गुडघे जिना चढताना आवाज करतात. आई गेली. बाबा माझ्याकडे असतात, दुपारी बाल्कनीत मटार सोलत बसतात आणि त्यातले निम्मे खातात. त्यांची हातोडी आता माझ्या हातात आहे. मुलांच्या गाड्या मी तिनेच तपासते, आणि इतक्या वर्षांनी माझाही कान तयार झाला आहे. गेल्या हिवाळ्यात माझ्या विद्यार्थ्यांनी हट्ट धरला की क्लबाच्या शेडमध्ये पडून असलेली बाईंची जुनी गाडी धुऊन मांडायची. ताडपत्री काढली. मी सवयीने पुढून वाजवत आले. हँडल, सांगाडा, चाक. मग फुली असलेला तो लोखंडी हात. टोला दिला आणि तो खणखणीत वाजला.

मी पुन्हा दिला. दहा वेळा दिला असेल. वर, खाली, फुलीच्या अगदी मधोमध. चिरलेलं लोखंड मी इतक्या वेळा ऐकलं आहे की झोपेतही ओळखेन. हे धड होतं. हे कायमच धड होतं.

मी तशीच हातोडी घेऊन घरी आले. बाबांनी हातोडीकडे पाहिलं आणि मटार बाजूला ठेवले. मला काही विचारावंच लागलं नाही.

‘‘तू पडली तवा,’’ ते म्हणाले, ‘‘धा मोजेपर्यंत हललीच नव्हती. त्या पोरीनं पाह्यलं. तिनं तुया मायले सांगतलं. मंग जेवताना तू तिले इचारलं, टेबलटॉपले कुठून जाशील. तिनं सांगतलं. दोन घास खाल्ले अन् तू पुन्हा तेच इचारलं. मंग आनखी एक डाव. तीन डाव, बाई.’’

मला एकदाच विचारल्याचं आठवत होतं, फार तर दोनदा.

‘‘सकाळी ते माझ्या पायाशी बसली. म्हने, काका, तिला उतरू देऊ नका, दुसऱ्यांदा पडली तर उठणार न्हाई. आमच्याकडे एक पोरगा असाच गेला. म्हने, माझं नाव सांगू नका, मी सांगितलं म्हनलं की ती मुद्दाम उतरंल.’’

‘‘मग डॉक्टरांना सांगायचं होतं,’’ मी म्हटलं. ‘‘मला सांगायचं होतं.’’

‘‘तू आयकली असती?’’

मी हातोडी मटारांशेजारी ठेवली.

‘‘डॉक्टरनं कागदावर डोकं लिवलं असतं त पुढं कोन घेतलं असतं तुले? गाडीचा दोष गाडीवर राह्यते. मानसाचा मानसावर राह्यते.’’ ते आपल्या पंजाकडे बघत होते. ‘‘चवतीस वर्षांच्या नोकरीत खोटी फुली एकच मारली मी. तुह्यावर मारता येत नव्हती, मंग गाडीवर मारली.’’

‘‘आणि ती?’’ मी विचारलं. ‘‘मी तिला पन्नास माणसांत चोर म्हटलं, तुम्ही तिथे उभे होता. पुढे इतकी वर्षं मी सगळीकडे...’’

‘‘हाव,’’ ते म्हणाले. ‘‘उभा होतो.’’ मटारची एक शेंग उचलून त्यांनी परत ठेवली. ‘‘फुली पुसली असती त सांगा लागलं असतं. म्हनून पुसली नाही. तुई माय मरेपर्यंत म्हने, सांगा तिले.’’

मला त्यांचा राग आला, फार आला. आणि त्याच वेळी हेही कळत होतं की मी आज त्यांच्यावर रागवायला जिवंत आहे. दोन्ही खरं होतं आणि अजून आहे. पण त्या दोन्हींच्या खाली जे होतं ते माझं एकटीचं होतं. बाबांनी एक खोटी फुली मारली होती, लोखंडावर. मी एका मुलीवर मारली होती, आणि वर्षानुवर्षं गावोगाव तीच गडद करत हिंडले होते.

दुसऱ्या दिवशी बाबा काठी टेकत क्लबात आले. विद्यार्थ्यांना मी बाहेर पाठवलं. त्यांना खाली वाकवत नव्हतं, म्हणून मी त्यांना बसायला वेताचा मोडा दिला. रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं त्यांच्या हातात ठेवलं. खडू तेलकट, मुरलेला, पटकन निघेना. ते थांबत थांबत घासत राहिले आणि मी त्यांचा खांदा धरून उभी राहिले. फुली गेली तरी तिथला रंग जरा वेगळाच राहिला.

‘‘नंबर हाय तिचा?’’ बाबांनी विचारलं.

नंबर माझ्याकडे होता. कोल्हापूरला ती मुलांना गाडी शिकवते हे मला ठाऊक होतं. सगळ्या प्रशिक्षकांच्या यादीत तिचं नाव माझ्या नावाच्या दोन ओळी खाली असतं, आणि मी दरवर्षी ते वाचून पान उलटते. मी गाडीच्या सीटवर बसून फोन लावला. काय बोलायचं ते मनात जुळवलं होतं, पहिलं वाक्य तर पाठच केलं होतं. पलीकडे इंजिनांचा आवाज होता, मग तिचा, ‘‘कोण बोलतंय?’’

मी नाव सांगितलं. तिने कोणाला तरी ओरडून इंजिन बंद करायला लावलं. सगळं शांत झालं. माझं पाठ केलेलं वाक्य मला आठवेना. मी नुसतीच फोन कानाला धरून बसले, आणि ती बंद करणार असं वाटत असतानाच तिचा आवाज आला.

‘‘डोकं कसं हाय आता?’’